वरवंट्याचं बारसं

मु. खारमाळ, ता. पेण, जि. कुलाबा
मंगळवार, ता. ९ डिसेंबर १९५८

चि. सौ. केसर हिला आईचे आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार सांग. आणि तुझ्या कुशीत आत्ता जी असेल तिला माझ्याकडून एक पापा, झोपली असेल तर उठल्यावर.

मी बरी आहे. गुडघा तेवढा कुरकुरतो, पण तो तुझ्या लग्नाच्या आधीपासून कुरकुरतोय. म्हैस आटली. भात झोडून झालं, यंदा पेंढा चांगला आहे. मिठागरात पाणी घेतलंय, पंधरा दिवसांनी माणसं कामाला लागतील.

अक्षर बघून तू म्हणशील हे कुणी लिहिलं. मीच लिहिलं. आजवर तुला गेलेली कार्डं सगळी गुरुजींच्या हातची. मी सांगायची आणि ते आपल्या भाषेत घालायचे, म्हणून मी तुला 'क्षेम असो' वगैरे म्हटलेलं तू वाचलं असशील. मी जन्मात कुणाला क्षेम म्हटलेलं नाही. दुसरीपर्यंत शाळेत गेले होते, तेवढ्यावर लिहिते आहे. काना-मात्रा चुकली तर हस, पण वाच. हे पत्र गुरुजींना सांगून लिहून घेण्यातलं नाही. का ते पुढे येईल. नाही आलं तर समज की मला जमलं नाही.

आधी आनंदाचं सांगते. रविवारी आपल्या घरी बारसं झालं. त्रेपन्न बाया होत्या, मी मोजल्या. पोरं वेगळी. इतकी माणसं आपल्या खळ्यात तुझ्या हळदीनंतर आत्ताच बसली. सगळ्या पोटभर जेवल्या आणि एकही रुसून गेली नाही. आपल्या गावात ही गोष्ट लहान नाही, तुला माहीत आहे.

आता तू विचारशील बारसं कुणाचं. थांब, क्रमानं सांगते, नाहीतर माझंच मला कळायचं नाही.

गेल्या बुधवारी मी विहिरीवर होते. चार-पाच जणी होतो. तिथं मोरू आला, हातात पेटी, तडक लाँचवरून. रजेवर आलाय तो, मुंबईत तुझ्या शेजारच्याच चाळीत राहतो हे मला तेव्हा कळलं. लांबूनच ओरडला, "मावशे, पेढे न्हाय द्यायचे व्हय? गेल्या बुधवारी नात झाली आनि गप बसलीस?"

केसर, मला काहीच माहीत नव्हतं. तुझे दिवस भरत आलेत हे नाही आणि तुला दिवस आहेत हेसुद्धा नाही. हातातला दोर तसाच राहिला. पण सोनाबाई समोर उभी होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. तिचे डोळे तुला ठाऊक आहेत, बांगडा ताजा की शिळा ते पाटीला हात न लावता सांगते. तेव्हा मी म्हटलं, "गप कशाला बसेन? येत्या रविवारी बारसं ठेवलंय. तुझ्या आईला आज सांगायला येनारच होते."

तोंडातून निघालं ते निघालं. हंडा डोक्यावर घेऊन मी घरी पोचेपर्यंत गावाला आमंत्रण पोचलं होतं.

तिन्हीसांजेला सोनाबाई ओट्यावर येऊन बसली. म्हणाली, "ठमे, पोर येनार हाय ना?"
म्हटलं, "येनार. लाँचनं येनार."
"कार्ड आलंय?"
"आलंय."
"दाखव."
"दाखवून तुला काय वाचता येनार हाय?"
"न्हाय येत. पन कार्ड बघता येतंय," ती म्हणाली, आणि पान लावून गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच गुरुजींकडे गेले आणि तुला कार्ड टाकलं. त्यांनी लिहिलं, 'रविवारी बारसे योजिले आहे, तरी सकाळच्या लाँचने बालकासह येणे.' मला लिहायचं होतं, येशील का गो. पण गुरुजींसमोर बसून ते मला म्हणता येईना. म्हणून ते कार्ड तुला हुकूम सोडल्यासारखं वाटलं असेल. नाही मिळालं असंही असेल. मी इथं सगळ्यांना तसंच सांगते, की कार्ड पोचलं नाही. पण पोस्ट पोचतं हे मला माहीत आहे.

हात दुखायला लागला. उरलेलं उद्या.

बुधवार

आज दुपारची भाकरी खाऊन ओट्यावर बसले आहे. कोंबडी मधे मधे कागदावर येते.

चार दिवसांत बारसं उभं करायचं म्हणजे काय ते तू अजून केलेलं नाहीस. मी गुरुवारी दोन पायली वाल भिजत घातले. बिरडं केलं नाही तर आपल्याकडे कार्य झालं असं कोण म्हणणार? शुक्रवारी ते पंच्यात बांधून पाट्याखाली ठेवले, शनिवारी बोटभर मोड आले. एवढे वाल एकटीनं सोलायचे तर रात्र पुरली नसती. मी परात घेऊन बसले तर नीराबाई आली, मागून काशी आली, मग त्यांच्या सुना. बोलावलं कुणी नव्हतं. गप्पा मारत दोन तासांत सोलून झाले. काशी म्हणते, "तुझ्या वालाचं साल लय चिवट, अगदी मालकिनीवानी." मी पण तिला सोडली नाही, तिच्या नव्या दातांवरून बोलले.

गावकीची भांडी देवळातून आणली, मोठं पातेलं आणि दोन काहिली. एका काहिलीला भोक आहे हे माहीत असल्यामुळे तिच्यात फक्त घुगऱ्या ठेवल्या. खळं शेणानं सारवलं, मी आणि नीराबाईनं. मोरूनं आंब्याची पानं आणि रंगीत कागदाच्या पताका लावल्या. मुंबईला राहून त्याला बऱ्याच गोष्टी येतात, फक्त शिडीवर चढता येत नाही.

बेत असा केला. हरभऱ्याच्या घुगऱ्या, वालाचं बिरडं, तांदळाचे वडे, शेवयांची खीर, आणि वाटायला सुंठवडा. वडे सोनाबाईनं तळले. मी तिला सांगितलं नव्हतं. ती आपली झारा घेऊन आली आणि म्हणाली, "तुझ्या हातचे वडे मी दोनदा खाल्लेत, बाळंतिनीच्या बारशाला तरी लोकांवर दया कर."

पाळणा माळ्यावर होताच. तो कधी आणला ते तुला माहीत आहे. मोरूनं खाली काढला, मी पुसला, दोर नवा घातला. एवढंच.

रविवारी सकाळी मी छत्री घेऊन बंदरावर गेले. छत्री पोरीसाठी, बांधावरून येताना ऊन लागू नये म्हणून. लाँच वेळेवर आली. आधी दोन कोळणी उतरल्या, मग एक शेटजी गोणीसकट, मग पेणचा एक कारकून, मग चार-पाच गडीमाणसं. मी फळीच्या बाजूला उभी राहून प्रत्येकाच्या मागे बघत होते. फळी काढायला लागले तेव्हा खलाशाला विचारलं, "आत कुनी बाळंतीन न्हाय ना राहिली?" तो आत डोकावून आला. म्हणाला, "आजी, आत आता दोन कोंबड्याच हायेत, त्या पन अंड्यावरच्या न्हायत." चांगला होता बिचारा. हसवायला म्हणाला.

परत येताना बांधावर मी उगाच सावकाश चालले. घरी बाया जमल्या असणार हे मला माहीत होतं. जमल्याच होत्या. ठेवणीतली लुगडी नेसून, केसांत झेंडू माळून खळंभर बसल्या होत्या. मी खळ्यात पाय टाकला आणि सगळ्या माझ्या मागे बघायला लागल्या. माझ्या हातात मिटलेली छत्री.

काय बोलायचं ते मी वाटेत ठरवलं होतं. पोरीला सर्दी झाली, वारं लागेल म्हणून आणली नाही, असं. पण ते निघेचना.

सोनाबाई काहिलीजवळून उठली. हात पदराला पुसले. म्हणाली, "कुनीतरी वरवंटा धुवून आना गो. पाळन्यात आधी वरवंटाच जातो. पोर मागनं आली तरी चालतंय."

हे काही तिनं नवं काढलं नाही. आपल्याकडे पोराच्या आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्यात ठेवतातच, पोराची पीडा दगडावर जावी म्हणून. फक्त मागून पोर येतं. नीराबाईनं वरवंटा घासूनपुसून आणला, त्याला टोपडं घातलं, दुपट्यात गुंडाळला. तोंड नाही की डोळे नाहीत, पण टोपडं घातल्यावर तो बारका दिसायला लागला. पाच जणी पाळण्याच्या दोन्ही अंगांना उभ्या राहिल्या आणि वरवंटा वरून खालून देऊ लागल्या, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. कुणीही हसलं नाही. काशीच्या सुनेनं तर त्याची मान धरली होती, केसर. दगडाची मान.

मी दाराच्या आत उभी होते. मी पुढे यायचं नसतं हे मला कुणी शिकवावं लागत नाही. तुझे वडील गेल्यापासून सहा वर्षं मी प्रत्येक कार्य दाराआडूनच बघते, आणि तिथून बरंच दिसतंसुद्धा.

मग नावाची वेळ झाली. नाव आत्यानं ठेवायचं. आत्या कुठली असणार? सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. सोनाबाई म्हणाली, "आत्या न्हाय तर आजी हाय. ठमे, ये हिकडं."
म्हटलं, "मी कशी येऊ? माझं कपाळ बघ."
"कपाळानं न्हाय ठेवायचं नाव, तोंडानं ठेवायचं. ये."

शुक्रवार

परवा इथे थांबले. काल एक ओळही लिहिली नाही. काही काम होतं असं नाही.

लिहिते. मी पाळण्यात वाकले. टोपड्याला जिथं कान असायला हवा तिथं तोंड नेलं. सगळ्या जणी मागे गोळा झाल्या, पाठीत धपाटे घालायला. मला तुझ्या मुलीचं नाव माहीत नव्हतं. वाटेत एखादं ठरवावं असं मनात आलं होतं, सुंदर काहीतरी, शहरातलं. पण वाकले आणि माझ्या तोंडून निघालं, विठोबा.

हळू म्हणायचं असतं, मी मोठ्यानं म्हटलं. सगळ्यांनी ऐकलं. तुझ्या वडलांचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर जन्मात नाही. ते गेले तेव्हासुद्धा नाव घेऊन रडले नाही.

मुलीचं बारसं आणि नाव मुलाचं. एक क्षण पाळण्याचा दोर कुणी हलवला नाही. मग पाठीवर हात पडला. धपाटा नव्हता तो, नुसता हात. मग दुसरीचा, मग तिसरीचा. सहा वर्षांत माझ्या पाठीवर कुणाचा हात पडला नव्हता हे मला तेव्हा कळलं. सोनाबाईनं पाळणा म्हणायला सुरुवात केली, मुलाचाच म्हटला, आणि सगळ्या मागून म्हणाल्या. त्या सगळ्या चार वर्षांपूर्वीही इथेच होत्या. त्यांना विचारावं लागलं नाही.

त्याच्यानंतर जेवणं झाली. तुला सांगते बिरडं असं झालं होतं की तळाला काही राहिलं नाही. खीर दोनदा वाढली. पोरांनी पताका ओढून नेल्या. जाताना प्रत्येकीनं पाळण्यात काही ना काही टाकलं, एक झबलं, एक काजळाची डबी, एक बारकं बाळलेणं. सोनाबाई सगळ्यात मागं राहिली, काहिली घासत. म्हणाली, "ठमे, ते नाव तुझ्या घशात अडकलं व्हतं. बरं झालं निघालं." मग म्हणाली, "पन ते हितं बोलून काय उपयोग? जिला सांगायचं तिला सांग."

ती गेल्यावर पत्रावळी उचलल्या. घरात खूप माणसं येऊन गेली की नंतर घर मोठं होतं. मी वरवंटा पाळण्यातून काढला नाही. दोन दिवस चटणी वाटली नाही.

तर सांगते. ज्याच्यासाठी लिहायला बसले ते.

तुझा मुलगा पाचव्या दिवशी दुपारपासून पीत नव्हता. तू म्हणत होतीस आई, हा ओढत नाही. जावईबापू तिन्हीसांजेला आले ते होडी ठरवूनच आले होते. भरती होती, पेणला दोन तासांत पोचलो असतो. डॉक्टर ओळखीचा होता. तू उठलीसुद्धा होतीस, त्याला गुंडाळून. आणि मी उंबऱ्यात आडवी उभी राहिले. म्हटलं, उद्या सटवीची पूजा आहे, तिनं कपाळावर लिहिल्याशिवाय पोर उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. जावईबापू माझ्या पाया पडले. मी हलले नाही. मला वाटलं, मी त्याला वाचवते आहे. मी चार पोरं घालवली होती केसर, तू पाचवी. तुझी पूजा नेमानं झाली म्हणून तू राहिलीस असं मी धरून चालले होते. दुसरं काही धरायला माझ्याजवळ नव्हतं.

सहाव्या दिवशी पूजा केली. दिवे लावले, कोरा कागद आणि बोरू ठेवला तिच्यापुढं. ती रात्री येऊन लिहिते म्हणतात. सातव्या दिवशी सकाळी तुम्हांला सोडलं तेव्हा ओहोटी लागली होती. होडी चिखलात बसली. पाण्याची वाट बघत तू दोन तास उन्हात तिथं बसलीस आणि तो तुझ्या मांडीवर गेला. तू घरी येऊन एक शब्द बोलली नाहीस. जावईबापू एवढंच म्हणाले, आता इथे नाही. त्यांनी बरोबर म्हटलं.

मी मात्र चार वर्षं सगळ्यांना सांगत आले, सटवीनं लिहिलं तसं झालं. तुला गुरुजींच्या हातून कार्डातही तेच लिहिलं, 'विधिलिखित टळत नाही'. ते वाचून तुझं काय झालं असेल. केसर, त्या सकाळी तुम्ही होडीत बसल्यावर मी देव्हाऱ्यातला तो कागद बघितला होता. कोराच होता. तिनं काही लिहिलं नव्हतं. मी अडवलं होतं.

हे गुरुजींना सांगता आलं नसतं. म्हणून अक्षरं जुळवत बसले.

त्याला नाव नव्हतं. बाराव्या दिवसाच्या आधी गेला म्हणून नाव ठेवलं नाही, आणि नाव नाही म्हणून त्याच्याबद्दल बोलायला तोंड नव्हतं. त्याला खाडीच्या बांधाला पुरलं, वरच्या मिठागराकडं, जिथं पिलूचं झाड आहे तिथं. तुला तेव्हा दाखवलं नाही, बाळंतिणीनं जायचं नसतं म्हणून. तेही मीच सांगितलं. आता तुला माहीत असू दे. मी मीठ बघायला जाते तेव्हा तिथं थांबते.

रविवारी मी तुझ्या मुलीचं बारसं केलं नाही, हे तुला सांगायचं होतं. ते तू तुझ्या घरी तुझ्या मनासारखं केलं असशील, नाव तुझ्या मनातलं ठेवलं असशील. त्याच्यावर माझ्या दगडाची सावली नको. बाया ज्या वस्तू देऊन गेल्या त्या मोरूबरोबर पाठवते, त्या तिच्याच आहेत. दिल्या त्या बायांनी दिल्या, माझ्या म्हणून परत करू नकोस.

मोरूनं सांगितलं पोर इस्पितळात झाली, साडेसहा पौंडांची, रंग तुझा. तू शहाणी आहेस. ती जरा शिंकली तरी उठ आणि ने, अमावस्या असो, काही असो. कुणी उंबऱ्यात उभं राहिलं तर ढकलून जा. आई असली तरी.

आता शेवटचं. येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या, एकवीस तारखेला, मोरूची आई लाँचनं मुंबईला जाते आहे. मी तिच्याबरोबर येणार आहे. मी मुंबई कधी बघितलेली नाही. तुझ्या घरी येणार नाही, घाबरू नकोस. भाऊच्या धक्क्यावर उतरेन आणि तिथंच बसेन. परतीची लाँच दुपारी तीनला सुटते असं मोरू म्हणतो. तुला वाटलं तर तिला तिथं आण. मी हात लावीन असंही नाही, तू म्हणशील तेवढ्या अंतरावरून बघेन. नाही वाटलं तर येऊ नकोस. जावईबापूंशी त्याच्यावरून भांडू नकोस. मी तीनच्या लाँचनं परत येईन आणि इथं सगळ्यांना सांगेन की मुंबई मोठी आहे.

थंडी पडली आहे, तिला टोपडं घालत जा. तुझ्या पाठीला शेक घे.

तुझी आई,
आणि तुझ्या विठोबाची आजी,
ठमाबाई

तुझ्या मुलीची आजी असं मी माझ्या मनानं लिहीत नाही. ते लिहायचं की नाही हे तू सांगायचं.